बाणाग्रावरील बायसन

देवळाच्या गाभाऱ्यातली मूर्ती फुलांनी आणि वस्त्रांनी पुरती झाकून गेली असली, तरी समोर नंदी दिसला की आत महादेव आहे हे भाविकाला कोणी सांगावे लागत नाही. वाहनावरून देव ओळखावा आणि लांछनावरून राजा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. गोव्याच्या कदंबांनी आपल्या सुवर्णनाण्यांवर सिंह उमटविला, बदामीच्या चालुक्यांनी वराहाला तो मान दिला. आणि अशी मुद्रा ज्या ताम्रपटावर असे, त्यातला शब्द राजाचा शब्द म्हणून पाळला जाई. मुद्रा उठविणाऱ्याने तिच्याबरोबर काहीतरी बांधिलकी पत्करलेली असे.

आता ज्या राष्ट्राने राजाच ठेवला नाही, त्याने आपल्या पर्वतांसाठी आणि अरण्यांसाठी कोणते लांछन निवडावे, त्यात कोणाला जागा द्यावी आणि ती दिल्यावर कोणती बांधिलकी पाळावी, हा प्रश्न माझ्यासारख्या वकिली पेशातल्या माणसाला मोठा कुतूहलाचा वाटतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचे उत्तर एका लहानशा चित्रात सापडते. तेथील राष्ट्रीय उद्यानांचा कारभार नॅशनल पार्क सर्व्हिस नावाच्या सरकारी संस्थेकडे आहे. तिच्या रेंजरांच्या बाहीवर, उद्यानांच्या प्रवेशद्वारांवर आणि माहितीपत्रकांवर एक तपकिरी रंगाचे बाणाग्र दिसते: गारगोटीचा दगड फोडून, कडा टिपून आदिवासी शिकारी करीत, तसल्या बाणाचे टोक, खाली रोखलेले. त्या बाणाग्राच्या आत एक उंच सेकोया वृक्ष आहे, मागे हिमाच्छादित पर्वत आहे, पर्वताच्या पायथ्याशी पाणी आहे, आणि अगदी पुढे हिरवळीवर एक पांढरा बायसन उभा आहे. वृक्ष आणि बायसन ही वनस्पतींची व वन्य प्राण्यांची खूण, पर्वत आणि पाणी ही सृष्टिसौंदर्याची व विहाराची खूण, आणि स्वतः बाणाग्र ही त्या भूमीच्या इतिहासाची व पुराणवस्तूंची खूण, असा त्याचा अधिकृत अर्थ सांगतात.

बायसन या शब्दाविषयी एक खुलासा येथेच करून टाकतो. आपल्याकडे गव्यालाही कित्येक लोक बायसन म्हणतात, आणि गवा हा तर गोव्याचा राज्यप्राणीच आहे. परंतु अमेरिकन बायसन हा निराळा प्राणी होय. गवा रानात राहणारा, अंगावर तुळतुळीत केस असलेला. तो मोकळ्या गवताळ प्रदेशात कळपांनी हिंडणारा, डोक्यावर आणि खांद्यांवर लोकरीचे ओझे वागविणारा. नात्याने दोघे दूरचे भाऊबंद, एवढेच.

चिन्ह जरी १९५१ चे असले, तरी उद्याने त्याहून पुष्कळ जुनी आहेत. यलोस्टोनचा कायदा १ मार्च १८७२ रोजी अध्यक्ष ग्रँट यांच्या सहीने झाला आणि जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. तो कायदा होण्यात चित्रकलेचा जो हात होता तो ध्यानात घेण्यासारखा आहे. आदल्या वर्षी हेडन या भूगर्भशास्त्रज्ञाच्या सरकारी मोहिमेबरोबर टॉमस मोरन हा चित्रकार आणि विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार असे दोघे यलोस्टोनला गेले होते. जमिनीतून उसळणारे कढत पाण्याचे फवारे आणि पिवळ्या दगडांची दरी यांच्या गोष्टी तोवर शिकाऱ्यांच्या थापा म्हणून हसण्यावारी नेल्या जात. मोरनचे रंग आणि जॅक्सनची छायाचित्रे पाहिल्यावर वॉशिंग्टनच्या सभासदांना ती सोय उरली नाही. पुढे काँग्रेसने मोरनने काढलेले त्या दरीचे प्रचंड चित्र १०,००० डॉलर देऊन विकत घेतले. ज्या भूमीकडे बहुतेक सभासद कधी जाणार नव्हते तिचे रक्षण त्यांनी चित्राच्या साक्षीवर केले. न्यायालयात ऐकीव पुरावा चालत नाही. पण विधिमंडळात पाहीव पुरावा कसा चालतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

त्यानंतर उद्यानांची चित्रे घरोघर पोहोचविण्याचे काम दोन वेळा मोठ्या प्रमाणावर झाले, आणि दोन्ही वेळा ते मंदीच्या दिवसांत झाले. १९३४ साली अमेरिकन पोस्टखात्याने दहा उद्यानांची दहा तिकिटे काढली. एक सेंटाच्या तिकिटावर योसेमिटीचा एल कॅपिटन कडा होता, दोन सेंटांच्या तिकिटावर ग्रँड कॅन्यन, पाचाच्या तिकिटावर यलोस्टोनचा ओल्ड फेथफुल फवारा आणि दहाच्या तिकिटावर ग्रेट स्मोकी पर्वत. ज्याला उद्यानापर्यंतचे भाडे परवडत नव्हते त्याच्याही हाती एका सेंटात एक कडा येत होता.

दुसरा प्रयत्न १९३८ ते १९४१ या काळातला. बेकारांना काम देण्यासाठी रूझवेल्ट सरकारने जी योजना उघडली होती, तिच्या आधाराने कॅलिफोर्नियातील बर्कली येथे पार्क सर्व्हिसच्या कार्यशाळेत काही कलावंतांनी उद्यानांची भित्तिपत्रके तयार केली. ताणलेल्या रेशमी कापडातून एकेक रंग दाबून, एकावर एक थर देऊन ती छापीत. सपाट रंग, मोठी अक्षरे, आणि सावली व उजेड यांची सरळ विभागणी. पहिले पत्रक ग्रँड टीटनचे निघाले. मग झायन, ग्लेशियर, माउंट रेनियर, लासेनचा ज्वालामुखी, बँडेलियर, अशी एकंदर चौदा निघाली. प्रती प्रत्येकी शंभराच्या आतबाहेर. मग युद्ध आले, योजना गुंडाळली गेली, आणि ही पत्रके कागदाच्या नशिबाला जे येते त्याला सामोरी गेली. १९७० नंतरच्या काही वर्षांत ग्रँड टीटनमधल्या एका हंगामी रेंजरला जाळायला काढलेल्या अडगळीत त्यांतले एक सापडले. पुढे सरकारी संग्रहात तेरा पत्रकांच्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांचा पत्ता लागला आणि त्यांवरून ती पुन्हा छापण्यात आली. आज जिकडेतिकडे दिसणारी उद्यानांची रंगीत सोंगटीवजा चित्रे, बिल्ले आणि चिकटपट्ट्या यांचे कूळ त्या रद्दीत आहे.

आता मूळ चिन्हाकडे येऊ. पार्क सर्व्हिस २५ ऑगस्ट १९१६ रोजी स्थापन झाली. पुढची पस्तीस वर्षे तिला स्वतःचे असे चित्र नव्हते. गणवेशाच्या चामडी पट्ट्यावर सेकोयाचे शंकूसारखे फळ उठविलेले असे, तेवढ्यावर काम भागत होते. १९४९ साली कर्मचाऱ्यांची एक स्पर्धा घेण्यात आली. पन्नास डॉलरांचे बक्षीस डडली बेलिस यांच्या आकृतीला मिळाले. परंतु बक्षीस मिळाले आणि आकृती बाजूला राहिली. ती सुबक होती, पण औपचारिक, आधुनिक वळणाची होती, असा वरिष्ठांचा कौल पडला. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्को कार्यालयातले इतिहासकार ऑब्री नीशम यांनी संचालकांना पत्र लिहून सुचविले की चिन्ह साधे असावे: बाणाग्र असावे, झाड असावे, किंवा बायसन असावा. सोबत त्यांनी एक ओबडधोबड रेखाटनही जोडले होते. त्याच कार्यालयातील हर्बर्ट मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या. २० जुलै १९५१ रोजी अंतर्गत खात्याचे मंत्री ऑस्कर चॅपमन यांनी तिला संमती दिली. (तेथील अंतर्गत खाते म्हणजे आपले गृहखाते नव्हे, सरकारी जमिनी, खाणी, उद्याने आणि आदिवासींचा कारभार ते पाहते. या चारही गोष्टी एकाच छपराखाली असण्याला पुढे महत्त्व येणार आहे.) ओरेगन केव्हज येथल्या माहितीपत्रकावर एप्रिल १९५२ मध्ये हे चिन्ह लोकांनी प्रथम पाहिले.

व्यावसायिक कलावंताने काढलेल्या आकृतीपेक्षा इतिहासकाराच्या कच्च्या रेखाटनातून निघालेली आकृती टिकली, याचा प्रत्यय सतरा वर्षांनी आला. १९६८ साली अंतर्गत खात्याने आपली जुनी बायसनची मुद्रा काढून नवी, आधुनिक वळणाची मुद्रा घेतली. ती करणाऱ्या चर्मायेफ व गाइस्मार या नामांकित मंडळींनीच त्याआधी पार्क सर्व्हिसच्या एका योजनेसाठी तीन त्रिकोण आणि तीन गोळे यांचे चित्र केले होते. संचालक जॉर्ज हार्टझॉग यांनी संधी साधून बाणाग्राच्या जागी ते बसवायचे ठरविले. खात्याच्याच मुद्रेवरून बायसन गेला, तर आपल्या बिल्ल्यावर तो कशाला, असे त्यांचे म्हणणे. तर्क निर्दोष होता. फक्त रेंजरांना तो पटला नाही. त्रिकोणात काय पाहायचे हे त्यांना कळेना. पुढच्याच वर्षी नवे मंत्री वॉल्टर हिकल यांनी खात्याचा बायसन परत आणला, आणि हार्टझॉग यांचा तर्क त्यांच्याच अंगावर उलटून बाणाग्रही जागच्या जागी राहिले. नवेपणाला माझा विरोध नाही. परंतु ज्या चिन्हाचा अर्थ सांगण्यासाठी सोबत माणूस पाठवावा लागतो, ते चिन्ह कसले?

चिन्हाला मान मिळू लागला की त्याची चोरीही सुरू होते. १९६२ साली सरकारी राजपत्रात बाणाग्र हे पार्क सर्व्हिसचे अधिकृत चिन्ह असल्याची सूचना प्रसिद्ध झाली. संघराज्याच्या दंडविधानात सरकारी बिल्ल्यांची अनधिकृत निर्मिती, विक्री किंवा वापर हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उद्यानांच्या नियमावलीत या चिन्हासाठी स्वतंत्र भाग आहे: शिक्षण आणि संवर्धन यांना उपकारक अशाच कामासाठी, तीही संचालकांची परवानगी घेऊन, त्याची प्रतिकृती करता येते. गंमत अशी की नियमांचे हे कुंपण टाकून दिलेल्या त्रिकोणांभोवतीही घातलेले आहे.

चित्राला कुंपण घातले, पण नावांना घालायचे राहून गेले, आणि त्याचा भुर्दंड योसेमिटीत बसला. तेथील हॉटेले व दुकाने चालविण्याचा ठेका डेलावेअर नॉर्थ या कंपनीकडे होता. ठेका दुसऱ्याकडे गेला तेव्हा, २०१५ साली, कंपनीने दावा मांडला की अहवानी हॉटेल, करी व्हिलेज अशा नावांची व्यापारचिन्हे आपल्या मालकीची आहेत. एवढेच नव्हे, तर कपडे आणि तत्सम मालावर छापण्यापुरते ‘योसेमिटी नॅशनल पार्क’ हे शब्दसुद्धा. सगळ्यांची किंमत तिने ५ कोटी १० लाख डॉलर लावली. मार्च २०१६ मध्ये पार्क सर्व्हिसने जुन्या पाट्या उतरवून नव्या नावांच्या पाट्या लावल्या. तीन वर्षांनी, जुलै २०१९ मध्ये, १ कोटी २० लाख डॉलरांवर तडजोड झाली आणि नावे परत आली. त्यातला मोठा वाटा नव्या ठेकेदाराने उचलला. देवस्थानच्या आवारातला दुकानदार उद्या देवाच्याच नावावर हक्क सांगू लागला तर विश्वस्तांची जी अवस्था होईल, तीच तेथल्या अधिकाऱ्यांची झाली. अहवानी हा शब्द मुळात त्या दरीतल्या आदिवासींच्या भाषेतला. त्याची किंमत ठरविताना दोन्ही पक्षांच्या वकिलांनी पुष्कळ कागद खर्ची घातला; पण ज्यांचा तो शब्द, ते त्या खटल्यात पक्षकार नव्हते.

येथून मी मूळ प्रश्नाकडे वळतो. बाणाग्राच्या आत बायसन आहे आणि बाणाग्र स्वतः बायसनाची शिकार करणाऱ्यांचे आहे. या दोघांना चित्रात मान मिळाला. जमिनीवर काय मिळाले?

प्रथम बायसन. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ज्यांची गणती कोटींनी करावी, त्या कळपांची शतकाच्या अखेरीस कातडी आणि हाडे तेवढी उरली. यलोस्टोनमध्ये थोडे बायसन तगून होते. परंतु १८७२ च्या कायद्यात एक उणीव अशी होती की उद्यानात शिकार केली तर शिक्षा काय, हेच तो सांगत नव्हता. मार्च १८९४ मध्ये एडगर हॉवेल नावाचा चोरटा शिकारी पेलिकन दरीत बायसन मारताना रंगेहाथ पकडला गेला. त्याला उद्यानाबाहेर काढण्यापलीकडे सैन्याच्या अधिकाऱ्यांना काहीही करता येईना. ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या साप्ताहिकाच्या बातमीदाराने ही हकीकत पाठविली आणि संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी ती उचलून धरली. लोकमत असे काही खवळले की ७ मे १८९४ रोजी, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, शिकारीला दंड व कैद यांची तरतूद करणारा कायदा मंजूर झाला. एवढे करूनही १९०२ साली उद्यानात दोन डझनांच्या आसपासच रानटी बायसन उरले होते. त्या वर्षी खाजगी कळपांतून २१ जनावरे विकत आणून नवा कळप उभा करण्यात आला. आज तेथे काही हजार बायसन आहेत आणि २०१६ पासून तो अमेरिकेचा राष्ट्रीय सस्तन प्राणी आहे. पांढऱ्या बायसनाने चिन्हावर उभे राहावे, इतके तर त्याच्यासाठी खचित केले गेले.

आता बाणाचे लोक. ज्या ग्रिनेल यांनी बायसनाचा कैवार घेतला तेच ग्रिनेल दुसऱ्याच वर्षी, १८९५ साली, सरकारच्या वतीने माँटाना प्रांतातील ब्लॅकफीट लोकांशी वाटाघाट करणाऱ्या तिघा आयुक्तांत होते. ते त्या लोकांचे स्नेही होते, त्यांच्या कथा त्यांनी लिहून काढल्या होत्या. यामुळेच ते नाव पुढे आले. ब्लॅकफीट लोकांचे बायसन संपले होते, उपासमार त्यांनी पाहिली होती. त्यांनी आपल्या राखीव भूमीचा पश्चिमेकडला डोंगरपट्टा १५ लाख डॉलरांना सोडून दिला. मागितले होते ३० लाख. मात्र त्या पट्ट्यात जाण्याचा, लाकूड तोडण्याचा, शिकार आणि मासेमारी करण्याचा आपला हक्क त्यांनी करारात राखून ठेवला. ही जमीन जोवर संयुक्त संस्थानांची सार्वजनिक जमीन राहील तोवर हा हक्क राहील, अशा अर्थाची अट त्यात होती.

ती अट वाचताना कोणत्याही वकिलाच्या कपाळाला आठी पडेल. खेडुताच्या दृष्टीने सरकारची जमीन ती सरकारची जमीन. तिच्यावर उद्यान केले म्हणून ती कुठे पळून जात नाही. परंतु सरकारी कायदेपंडितांच्या भाषेत सार्वजनिक जमीन म्हणजे कोणालाही मागता येईल अशी खुली जमीन. ती विशिष्ट कामासाठी राखून ठेवली की ती सार्वजनिक उरत नाही. ११ मे १९१० रोजी त्या डोंगरांत ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान झाले. त्यासाठी वर्षानुवर्षे खटपट करणाऱ्यांत ग्रिनेल आघाडीवर होते. उद्यान झाल्याबरोबर ब्लॅकफीट लोकांचे हक्क संपले अशी भूमिका सरकारने घेतली, आणि १९३५ साली दावेविषयक न्यायालयानेही ते हक्क १९१० च्या कायद्याने लोपले असाच निर्णय दिला. सार्वजनिकांच्या हितासाठी राखलेली जमीन सार्वजनिक नव्हे, या अर्थशुद्धीची किंमत एका संबंध जमातीने मोजली.

त्यांचे चित्र मात्र उद्यानाच्या दारावर राहिले. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने ग्लेशियरकडे उतारू खेचण्यासाठी १९२१ पासून डोंगरी बोकड हे आपले चिन्ह केले. पहाडी कड्यावर उभा असलेला तो पांढरा बोकड मालगाड्यांच्या डब्यांवरून सबंध देश हिंडला. त्याच कंपनीच्या दिनदर्शिकांवर विनोल्ड राइस या चित्रकाराने रंगविलेली ब्लॅकफीट स्त्री-पुरुषांची व्यक्तिचित्रे वर्षानुवर्षे झळकत. चित्रे खरोखर उत्तम आहेत. राइसच्या कुंचल्यात आदर होता यात शंका नाही. स्टेशनाजवळच्या हॉटेलापुढे तंबू ठोकून, पिसांचे टोप घालून उतारूंचे स्वागत करण्यासाठी ब्लॅकफीट कुटुंबांना कामावर ठेवीत. एखाद्या गावच्या मानकऱ्याचे घर काढून घ्यावे आणि उत्सवाच्या दिवशी त्यालाच वेशीवर चौघडा वाजवायला बसवावे, तसा हा प्रकार होता. ज्या डोंगरात त्यांच्या बापजाद्यांनी हरणे मारली, तेथे बंदूक घेऊन गेल्यास ते चोरटे शिकारी ठरत. हॉवेलला जे नाव लाभले तेच त्यांनाही.

तरी या कथेत बायसन आणखी एकदा येतो. माँटानातल्याच फ्लॅटहेड राखीव भूमीवर मिशेल पाब्लो नावाचा एक गुराखी मालक होता. त्याचा बाप मेक्सिकन, आई ब्लॅकफीट. रानातले बायसन संपत होते तेव्हा त्याने आणि त्याच्या भागीदाराने एक मोठा कळप जपला. यलोस्टोनसाठी १९०२ मध्ये घेतलेल्या जनावरांपैकी काही याच कळपातली. पुढे सरकारने ती राखीव भूमी वसाहतीसाठी खुली करायचे ठरविल्यावर चराईची सोय जाणार हे पाहून पाब्लोने कळप विकायला काढला. अमेरिकन सरकारने घेतला नाही. कॅनडाने घेतला, आणि १९०७ पासून ती जनावरे आगगाडीत घालून सीमेपलीकडे नेण्यात आली. त्यांपैकी काहींचा वंश आल्बर्टातील एल्क आयलंड येथे वाढला.

२०१६ च्या एप्रिल महिन्यात एल्क आयलंडहून ऐंशीपेक्षा अधिक बायसनांची पाडसे ब्लॅकफीट लोकांच्या राखीव भूमीवर परत आली. जमातीने ती सात वर्षे सांभाळली. जून २०२३ मध्ये त्यांतला एक कळप चीफ माउंटन या त्यांच्या पवित्र डोंगराच्या पायथ्याशी मोकळा सोडण्यात आला. त्या डोंगरावरूनच राखीव भूमीची आणि ग्लेशियर उद्यानाची हद्द जाते. जनावरांना ती हद्द ओलांडून उद्यानात जाता यावे, हाच त्यांना तेथे सोडण्यामागचा हेतू होता.